आढ्याला बांधलेली चिंधी

“हे कुणी तपासलं?” परचुरे मॅडमनी विचारलं. झाडाला टेकवलेल्या शिडीवर त्या उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात पाण्यानं काठोकाठ भरलेली कळशी होती.

“माझ्या दादानं,” मी म्हणाले.

“तुमचं समाधान झालं?” त्यांनी दादाकडे बघून विचारलं.

“झालं की,” रणधीरदादा म्हणाला. “दोरीला लोंबकळून बघितलंय मी. ताणलेली आहे चांगली.”

“मग ओतू?”

“ओता,” मी म्हणाले. खरं सांगायचं तर मी तेव्हा हसत होते. मला इतकी खात्री होती.

पण आधी थोडं मागचं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई कुठल्या सर्कशीत भरती व्हायला गेली होती. पुण्याच्या एका संस्थेला आंबोलीकडच्या जंगलात बेडकांची पाहणी करायची होती. पावसाळा संपेपर्यंत जंगलात मुक्काम करायचा, बेडकांचे आवाज टिपायचे, जाती लिहायच्या. जो माणूस हे नीट करेल त्याला संस्था कायमचं घेणार आणि पुढे केरळात, आसामात, कुठं कुठं पाठवणार. जागा एकच होती. गडहिंग्लजला बी.एस्सी. करून मी वर्षभर आजऱ्याला घरात बसले होते आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक बाईला माझ्या लग्नाचं बोलायला फुकटचा विषय मिळाला होता. ही नोकरी लागली असती तर मी सुटले असते. दुसरं काही मला नको होतं.

आई म्हणाली, “बेडकं मोजायला माणसं ठेवतात होय? मग आपल्या परड्यात या म्हणावं. मी मोजून देते.”

बाबा मात्र म्हणाले, “जाऊ दे तिला. मी सांगतो जाऊ दे.”

बाबांचा शब्द आमच्या घरात तेव्हाही चालायचा, जरी ते अंथरुणावर होते तरी. आमचा मांडवाचा धंदा. लग्न, बारसं, गणपती, आजरा तालुक्यात मांडव म्हटलं की बाबांचं नाव. आदल्या वर्षी एका लग्नात ते बांबूवरून पडले आणि कमरेखालचं सगळं गेलं. तोंड शाबूत, हात शाबूत, डोकं तर आमच्या सगळ्यांपेक्षा शाबूत. पण त्यांना कूस बदलायला, न्हाऊ घालायला, खुर्चीत बसवायला दोन माणसं लागायची. एक आई. दुसरा दादा, नाहीतर मी.

“तू गेलीस तर रणधीर आहे की,” बाबा म्हणाले होते. “काय रे?”

“आहे की,” दादा म्हणाला होता.

आणि एकटी पोरगी जंगलात पाठवायची नाही म्हणून दादाच माझ्याबरोबर आला होता. निवडीचे दिवस संपेपर्यंत तो खालच्या गावात एका ओळखीच्या घरी राहायचा आणि दिवसभर छावणीत येऊन बसायचा. मांडवाचा हंगाम नव्हता म्हणून तेवढ्या दिवसांपुरता आमचा एक गडी बाबांना उचलायला आईच्या हाताशी होता. त्यानं आईची समजूत घातली होती, माझी पिशवी भरली होती, स्वतःचा रेनकोट मला दिला होता. दादासारखा दादा नाही असं मी तेव्हा कुणालाही सांगितलं असतं.

तर परीक्षा अशी होती. त्या जंगलात पावसाळ्यात जमिनीवर झोपता येत नाही. खाली पाणी, चिखल आणि जळवा. म्हणून दोन झाडांच्या मध्ये नायलॉनची झोळी टांगायची आणि तिच्या वर ताडपत्री. ताडपत्रीसाठी वेगळी दोरी, या झाडापासून त्या झाडापर्यंत, ताठ. संस्थेतर्फे निवड करायला आलेल्या परचुरे मॅडम तिला रिजलाइन म्हणायच्या. मी म्हणाले, आमच्यात त्याला आढं म्हणतात. घराचं असतं तसं. त्यांना तो शब्द इतका आवडला की दुसऱ्या दिवसापासून सगळेच आढं म्हणायला लागले. मला तेव्हाच वाटलं, जागा माझी झाली.

आढं बांधणं मला नवीन नव्हतंच. हाताला कळायच्या आधीपासून मी काथ्या ओढतेय. माझी दोरी अशी ताणलेली असायची की बोटानं टिचकी मारली की वाजायची. सांगलीचा हर्षद म्हणून दुसरा उमेदवार होता, चांगला मुलगा, पण त्याची ताडपत्री म्हशीच्या पोटासारखी मध्ये लोंबायची. तो रोज माझ्याकडे येऊन विचारायचा, ताई, जरा बघता का. मी बघायचे. मला काय भीती होती त्याची?

मला एकच गोष्ट नव्यानं शिकावी लागली, आणि तीच चिंधीची.

मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “पाऊस नुसता वरून येतो असं समजू नका. तो झाडाच्या बुंध्यावरून खाली येतो, तुमच्या दोरीवर चढतो, आणि दोरी धरून सरळ ताडपत्रीखाली शिरतो. मग वर केवढंही छप्पर असू दे, अंथरूण भिजतंच. म्हणून झाड आणि ताडपत्री यांच्या मधल्या दोरीवर सुती चिंधी बांधायची. ताडपत्रीच्या बाहेर. दोरीवरून आलेलं पाणी चिंधीवर उतरतं आणि तिथंच गळून जातं. चिंधीची दोन्ही टोकं खाली लोंबती पाहिजेत. टोकं नसली तर पाणी गळणार कुठून?”

इथं माझं अडायचं. आमच्या बाबांची एक पद्धत आहे. गाठ मारली की टोक परत फिरवून गाठीतच खोचायचं. मांडवात टोकं लोंबलेली दिसली की बाबा म्हणायचे, हे काय शेपट्या लावून ठेवल्यात. शिवाय खोचलेलं टोक ओढलं की गाठ एका ओढीत सुटते, लग्न संपलं की मांडव झटपट उतरतो. आमच्याकडे कामाला येणारे गडीसुद्धा तशी गाठ मारत नाहीत. ती बाबांची, दादाची आणि माझी. माझ्या हातातून आपोआप तीच पडायची, आणि मॅडम येऊन म्हणायच्या, “वैजयंता, परत खोचलीस.” मी सोडायचे, परत बांधायचे. त्या पुढे गेल्या की दादा झाडाखाली बसून हसायचा. “हात बघ कसा आपल्या बापाचा आहे,” म्हणायचा.

पण शेवटच्या दिवसापर्यंत मी ते शिकले. त्या सकाळी मी आढं ताणलं, ताडपत्री टाकली, चारी कोपरे खुंट्यांना बांधले आणि दोन्हीकडच्या चिंध्या बाहेर, ताडपत्रीपासून वीतभर लांब, मॅडमच्या गाठीनं बांधल्या. टोकं खाली. मागं सरून बघितलं. मलाच माझं कौतुक वाटलं.

छावणीचा एक नियम होता. आपण बांधलेल्या दोरीखाली आपण एकट्याच्या भरवशावर झोपायचं नाही. दुसऱ्या कुणाकडून तरी ती तपासून घ्यायची, आणि तो कोण हे ज्याचं त्यानं ठरवायचं. “जंगलात कुणावर विश्वास टाकायचा हेही तुम्हाला कळलं पाहिजे,” मॅडम म्हणाल्या होत्या. “तपासणाऱ्याची चूक ती तुमची चूक. नंतर माझ्याकडे तक्रार आणायची नाही.” हर्षदनं मला बोलावलं. मी दादाला.

दादानं दोरी ओढून बघितली, लोंबकळला, चिंध्यांना हात लावला. “फस्क्लास,” म्हणाला. मग जेवणाची हाक आली. पिठलं-भात होता. मी म्हणाले, चल. तो म्हणाला, “तू जेवून घे. मी थांबतो इथं. माकडं आहेत, कुणी ओढलंबिढलं तर? मागून जेवतो मी.” मला त्याची इतकी माया वाटली की मी त्याच्यासाठी जास्तीचा पापड बाजूला काढून ठेवला.

तर मॅडमनी कळशी ओतली.

पाणी बुंध्यावरून सरसरत खाली आलं, आढ्याच्या दोरीवर चढलं. आम्हाला सगळ्यांना लांब उभं केलं होतं. मला चिंधीपाशी पाणी गळताना दिसायला हवं होतं आणि ते दिसेना. मला वाटलं, धुकं आहे, दिसत नसेल. मॅडमनी दुसरी कळशी मागून घेतली, तीही ओतली. मग त्या खाली उतरल्या, वाकून ताडपत्रीखाली गेल्या आणि झोळीत हात घातला.

“इकडे ये,” म्हणाल्या.

उशीच्या जागी ठेवलेलं कांबळं भिजून चिंब झालं होतं. वर बघितलं तर त्या बाजूची चिंधी ताडपत्रीच्या आत होती, हातभर आत, बरोबर उशीच्या डोक्यावर. तिची टोकं गाठीत खोचलेली होती. त्या गाठीतून थेंब पडत होते, एकामागून एक, माझ्या कांबळ्यावर.

“आत बांधलीस,” मॅडम म्हणाल्या. “आणि खोचलीस. दोन्ही एकदम. मला वाटलं होतं तुझी सवय गेली.” त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना वाईट वाटलं होतं, ते जास्त लागलं.

“मॅडम, मी बाहेर बांधली होती.”

“मग ही आत कशी आली?”

मी हात वर केला आणि चिंधीचं खोचलेलं टोक ओढलं. गाठ एका ओढीत सुटली आणि चिंधी माझ्या हातात आली. मी मान वळवून दादाकडे बघितलं. तो बुटाला लागलेली जळू काडीनं काढत होता.

“परत एकदा करून दाखवू का?” मी विचारलं.

“जंगलात परत नसतं गं,” मॅडम म्हणाल्या. हर्षदची ताडपत्री लोंबलेली होती पण त्याचं अंथरूण कोरडं निघालं. जागा त्याला मिळाली. तो बिचारा माझ्याकडे बघून ओशाळला होता. म्हणाला, “ताई, माझं तर तुम्हीच तपासलंत.”

मी झोळी सोडली, दोऱ्या गुंडाळल्या, सगळं जिथल्या तिथं दिलं. रडले नाही. रडायला आधी काय झालं ते पुरतं कळावं लागतं, आणि मला कळून घ्यायचं नव्हतं. एवढं कळत होतं की त्या छावणीत ती गाठ मारणारी माणसं दोनच होती आणि त्यातली एक मी होते.

घरी निघालो. दादा गाडी चालवत होता आणि मी मागं. घाट चढून वर आल्यावर त्यानं एका टपरीपाशी गाडी थांबवली. चहा सांगितला, भजी सांगितली. एवढा खर्च तो एरवी करत नाही.

“लई मनाला लावून घेऊ नकोस,” तो म्हणाला. “नोकऱ्या काय, मिळतील.”

“दादा, चिंधी कुणी हलवली?”

“कुठली चिंधी?”

“माझी. मी मॅडमच्या गाठीनं बांधली होती. सोडताना आपली निघाली.”

“मग तूच मारली असशील. सवय असतेय हाताला.”

“दादा.”

तो चहात फुंकर मारत राहिला. चहा केव्हाच गार झाला होता. मी काही बोलले नाही. लहानपणापासून मला माहिती आहे, दादाला दोनदा विचारलं की तो खोटं बोलतो आणि गप्प बसलं की खरं बोलतो.

“माझा व्हिसा आलाय,” तो म्हणाला.

“कसला व्हिसा?”

“दुबईचा. मोठमोठे तंबू उभारतात तिथं, लग्नाबिग्नाचे. आपल्यासारखं काम येणारी माणसं पाहिजेत त्यांना. गेल्या महिन्यातच आलाय. दिवाळीआधी जायचंय.”

“बाबांना सांगितलंस?”

“नाही.”

“आईला?”

“कुणालाच नाही. तुझं काय होतंय ते बघत होतो.” मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “तुला घेतलं असतं तर मला जाता आलं नसतं, वैजू. बाबांना उचलणार कोण? आईच्या एकटीनं होणार आहे का?”

“म्हणून तू माझी चिंधी आत बांधलीस.”

“मग काय करायचं होतं?”

“सांगायचं होतंस. भांडलो असतो. चिठ्ठ्या टाकल्या असत्या. काहीतरी केलं असतं.”

“सांगितलं असतं तर तू थांबली असतीस?”

“नाही,” मी म्हणाले. “नसते थांबले.”

“मग?” तो म्हणाला, आणि भज्यांची ताटली माझ्याकडे सरकवली.

मला त्याच्या तोंडावर ती ताटली मारावीशी वाटली. वाटलं नुसतं. मी विचारलं, “आणि गाठ तरी मॅडमची मारायचीस. आपली कशाला मारलीस? मला कळू नये एवढं तरी बघायचंस.”

“घाईत होतो,” तो म्हणाला. “हाताला तीच येते.”

“मी परत जाते आणि मॅडमना सांगते.”

“जा की. मी नाही अडवत. पण त्यांचा नियम तूच सांगितलास मला. तपासणारा तू निवडला होतास.”

ते खरं होतं, आणि त्यानं ते आधीच धरून ठेवलेलं होतं, हे मला त्या टपरीवर समजलं. म्हणजे तो जेवायला न येता थांबला तेव्हा त्याच्या डोक्यात सगळं होतं. आईची समजूत घातली, पिशवी भरली, रेनकोट दिला, तेव्हापासून होतं की नंतर आलं, हे मी आजही त्याला विचारलेलं नाही. तो सुट्टीला येतो तेव्हा माझ्यासाठी अत्तर आणतो. मी घेते. आता मांडवाचा धंदा माझ्याच नावावर आहे आणि लोक म्हणतात बापापेक्षा पोरगी बरी बांधते. बरी बांधते, त्यात काही शंका नाही. पण कुणी माझ्यासाठी काही करायला लागलं की मी अजून आधी त्याच्या हातांकडे बघते. हे त्याचं देणं आहे मला.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आईनं आमच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला समजलं. “हातपाय धुऊन घ्या,” एवढंच म्हणाली आणि भाकरी टाकायला बसली. बाबांची खाट स्वयंपाकघराच्या दारातच असायची, त्यांना माणसांत राहावंसं वाटायचं म्हणून. ते उशीला टेकून बसले होते. त्या दिवशी त्यांनी दाढी केलेली होती. स्वतःच्या हातानं, आईला आरसा धरायला लावून. मी नोकरी घेऊन येणार म्हणून.

“काय गं?” त्यांनी विचारलं. “झालं का?”

“नाही झालं, बाबा.”

“का?”

“पाणी आत आलं. अंथरूण भिजलं.”

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग हसले. “काहीतरीच काय. तू बांधलेलं आणि पाणी आत येईल? पंधरा वर्षांची होतीस तेव्हा वादळात तुझा मांडव उभा राहिला होता. माझा पडला, तुझा नाही. कोण म्हणतं तू बांधलेलं गळलं?”

“गळलं, बाबा.”

“मग कुणीतरी हात लावला असेल. ते दुसरं पोरगं होतं ना, त्यानं लावला असेल. तू चौकशी केलीस का? रणधीर, तू तरी विचारलंस का रे?”

दादा दारात टॉवेलनं तोंड पुसत उभा होता. टॉवेल त्यानं तोंडावरच धरून ठेवला.

मला सांगायचं होतं. जिभेवर आलं होतं. हात लावला बाबा, पण त्या पोरानं नाही. पण बाबांनी पुढं विचारलंच असतं, का लावला? आणि त्याचं उत्तर एकच होतं, ते त्या खाटेवर पडलेलं होतं आणि गुळगुळीत दाढी करून माझ्याकडे बघत होतं. तुम्हाला उचलायला कोण राहणार यावरून तुमच्या पोरांनी एकमेकांचे गळे धरले, हे त्या माणसाला कसं सांगणार? मी दादाकडे बघितलं. तू बोल. दुबईचं सोड, कशाचंच नाव घेऊ नकोस, नुसतं म्हण की माझ्याकडून तपासायचं राहिलं. एवढं एक वाक्य म्हण. म्हटलं असतं तर मी तेवढ्यावर त्याला माफ केलं असतं, खरंच केलं असतं.

“माझीच चूक झाली, बाबा,” मी म्हणाले. “चिंधी आत बांधली गेली.”

बाबांचं हसू गेलं. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे. “आत?” ते म्हणाले. “अगं, हे तर पहिल्याच दिवशी शिकवलं असं तूच फोनवर म्हणाली होतीस. तुझं लक्ष कुठं होतं?” मग दादाकडे वळून म्हणाले, “आणि तू काय करत होतास? तुला कशाला पाठवलं होतं? नुसती नजर टाकली असतीस तरी पोरीचं काम झालं असतं.”

दादानं टॉवेल खाली घेतला. खुंटीला अडकवला. नीट, दोन्ही टोकं सारखी करून.

“मी बघितलं होतं, बाबा,” तो म्हणाला. “बाहेरच होती तेव्हा. मी सांगितलं पण होतं, आता हात लावू नकोस म्हणून. नंतर तिनंच हलवली.”

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. मी दादाकडे बघत होते. त्यानं पाट ओढला, बसला आणि ताट पुढं घेतलं.

बाबांनी हात पुढे केला आणि माझं मनगट धरलं. त्यांची पकड तेव्हाही घट्ट होती.

“दादाचं ऐकत जा, पोरी,” ते म्हणाले. “तो बरोबर होता म्हणून तुला एवढ्या लांब पाठवलं मी.”